हट्टी चरबी : एका विशेषणाचा इतिहास

‘हट्टी’ हे विशेषण मराठीत मूलतः सजीवाला, त्यातही स्वतःची इच्छा असलेल्या सजीवाला लागते. बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट असे तीन हट्ट आपल्याकडे म्हणीसारखे सांगितले जातात. तिन्हींमध्ये कोणी तरी आपले म्हणणे सोडायला तयार नाही, आणि तिन्हींपुढे शहाण्यानेही हात टेकावेत असे गृहीत आहे. कपड्यावरच्या डागाला हे विशेषण जाहिरातींनी लावले. तेथून ते शरीरातल्या चरबीपर्यंत येऊन पोहोचले. पोटाची हट्टी चरबी, मांड्यांची हट्टी चरबी, हनुवटीखालची हट्टी चरबी असे शब्दप्रयोग सौंदर्योपचार केंद्रांच्या फलकांवर आता इतके रुळले आहेत की ते इंग्रजीवरून उचललेले आहेत हे सहसा जाणवत नाही. शस्त्रक्रियेविना ही चरबी घालवून देणाऱ्या उपचारांचा इतिहास पाहू लागले की एक प्रश्न वारंवार पुढे येतो. येथे हट्ट नेमका कोणाचा आहे?

चरबीविषयीची आपली जुनी भाषा इतकी एकसुरी नव्हती. तान्हे मूल बाळसे धरते, आजारातून उठलेला माणूस पुन्हा अंग धरू लागतो, आणि कोणी माजला की त्याला चरबी चढली असे म्हणतात. कौतुक, दिलासा आणि निंदा अशा तीन सुरांत एकाच द्रव्याबद्दल बोलण्याची सोय भाषेने ठेवली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ज्या आठ निंदित देहांची चर्चा आहे त्यांत अतिस्थूल आहे, तसाच अतिकृशही आहे. दिवाळीतले उटणे हा शब्द ‘उद्वर्तन’ या संस्कृत शब्दापासून आला, आणि वाग्भटाने अष्टांगहृदयात उद्वर्तनाचे जे गुण सांगितले आहेत त्यांत मेद विरघळवणे हाही एक आहे. बाहेरून काही चोळून आतला मेद उतरवावा ही इच्छा, म्हणजे, जुनीच आहे. मात्र तेथे विचार संपूर्ण देहाचा होता. शरीराच्या नकाशावर एखादी जागा हेरून तेवढ्याच जागेतील चरबीवर इलाज करण्याची कल्पना रुजली ती एकोणिसाव्या शतकातील युरोपात, यंत्रांच्या सान्निध्यात.

स्वीडनमधील वैद्य गुस्ताफ झांडर यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोम येथे यंत्रोपचारांची संस्था सुरू केली. वाफेवर चालणारी त्यांची यंत्रे एकेका अवयवासाठी स्वतंत्र होती. एक यंत्र पाठ थोपटी, एक पाय हलवी, एक पोट मळी. बैठ्या व्यवसायांमुळे जडणाऱ्या व्याधी आणि शरीराचा बाक यांवर उपचार करणे हा त्यांचा मूळ हेतू होता. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील जागतिक प्रदर्शनात ही यंत्रे मांडली गेली, आणि पुढे युरोप-अमेरिकेतील श्रीमंतांच्या आरोग्यधामांत ती स्थिरावली. तेथे वैद्यकीय हेतू हळूहळू मागे पडला आणि पोट मळणारे यंत्र लोकांच्या ध्यानात राहिले. कमरेभोवती पट्टा बांधून अंग थरथरवणारी, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यायामशाळांत दिसणारी यंत्रे याच कुळातली. त्यांनी चरबी कमी झाली नाही, पण एक विचारपद्धती त्यांनी पक्की केली: शरीर हा सुट्या भागांचा संच आहे, आणि प्रत्येक भागाची दुरुस्ती वेगळी करता येते.

झांडर यांच्यानंतर यंत्राच्या जोडीला वीज आली. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टर झाँ बेर्गोनिए हे किरणोपचाराच्या इतिहासातील मोठे नाव. पेशींच्या किरणसंवेदनशीलतेविषयीचा १९०६ मधील नियम त्यांच्या आणि त्रिबोंदो यांच्या नावाने ओळखला जातो. याच बेर्गोनिए यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काही वर्षांत स्थूल रुग्णांसाठी एक विद्युत-खुर्ची वापरात आणली. रुग्णाने खुर्चीत स्वस्थ बसावे, अंगावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या जाव्यात आणि विजेच्या लयबद्ध प्रवाहाने स्नायू आपोआप आकुंचन-प्रसरण पावावेत, अशी ही योजना होती. श्रमाचे फळ श्रमावाचून मिळावे ही मनुष्याची फार जुनी आकांक्षा येथे प्रथमच तंत्रज्ञानाच्या भाषेत अवतरलेली दिसते.

अमेरिकेत तीच आकांक्षा घरोघरी पोहोचवली ती ‘रिलॅक्सासायझर’ नावाच्या पेटीने. १९४९ ते १९७० या काळात अशा सुमारे ४ लाख पेट्या विकल्या गेल्या. पोटाला वा मांडीला पट्ट्या लावायच्या, बटण फिरवायचे आणि वाचत पडायचे, असा त्याचा प्रकार. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खटला भरला. गर्भपात, अपस्मार, हर्निया, अल्सर अशा अनेक अवस्थांत हे यंत्र घातक ठरू शकते, असा पुरावा न्यायालयापुढे आला आणि १९७० मध्ये त्याच्या विक्रीस मनाई झाली. येथे ही कथा संपायला हवी होती. परंतु २०१८ मध्ये त्याच प्रशासनाने चुंबकीय क्षेत्राच्या साह्याने पोटाचे स्नायू आकुंचित करणाऱ्या ‘एमस्कल्प्ट’ या यंत्राला मान्यता दिली. अर्ध्या तासात सुमारे २० हजार आकुंचने घडतात असे त्याचे निर्माते सांगतात. दोन्ही यंत्रांतील तंत्र वेगळे आहे, सुरक्षिततेचे निकष वेगळे आहेत, आणि मान्यता मिळाली ती स्नायूंच्या बळकटीसाठी. तरीही पडून राहिलेल्या मनुष्याचे स्नायू बाहेरून कोणी तरी हलवीत आहे, हे चित्र मात्र बेर्गोनिए यांच्या खुर्चीपासून बदललेले नाही.

यंत्रांइतकीच, किंबहुना अधिक, कामगिरी या इतिहासात एका शब्दाने बजावली. फ्रेंच वैद्यककोशात १८७३ मध्ये ‘सेल्युलाइट’ हा शब्द आढळतो. तेथे त्याचा अर्थ त्वचेखालील ऊतींचा दाह असा आहे. म्हणजे तो एका रोगाचे नाव होता. १९२० आणि १९३० च्या दशकांत फ्रान्समधील काही डॉक्टरांच्या लेखनातून आणि पुढे स्त्रियांच्या सौंदर्यविषयक नियतकालिकांतून हा शब्द मांड्यांवर दिसणाऱ्या खळग्या-खळग्यांच्या चरबीसाठी वापरला जाऊ लागला. १५ एप्रिल १९६८ च्या ‘व्होग’ने तो अमेरिकन वाचकांपुढे ठेवला, जी चरबी आजवर घालवता येत नव्हती तिला आता नाव मिळाले आहे, असा त्या मजकुराचा आशय होता. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमधील सौंदर्यतज्ज्ञ निकोल रोनसार यांच्या पुस्तकाने हा शब्द सर्वतोमुखी केला. १९७८ मध्ये न्यूर्नबर्गर आणि म्यूलर या जर्मन संशोधकांनी एका शोधनिबंधात दाखवले की स्त्रियांच्या त्वचेखालील तंतूंची रचना पुरुषांपेक्षा वेगळी असते, आणि त्यामुळे चरबीचे पुंजके वर उठून दिसतात. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी सेल्युलाइटला कल्पित रोग ठरवले होते. बहुसंख्य प्रौढ स्त्रियांमध्ये असणाऱ्या एका रचनेला व्याधीचे नाव मिळाले होते. खंडन विद्वानांच्या नियतकालिकात राहिले आणि शब्द बाजारात राहिला.

साहित्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. नाव हे केवळ वस्तूवर चिकटवलेले लेबल नसते, ते वस्तूकडे पाहण्याची सक्ती करते. १९६८ पूर्वीची अमेरिकन स्त्री आरशात जे पाहत होती आणि पाहून विसरत होती, त्याच गोष्टीकडे नाव मिळाल्यानंतर ती उपचार न झालेल्या दोषाप्रमाणे पाहू लागली.

या उपचारांचे वर्णन ‘शस्त्रक्रियाविरहित’ अशा नकारात्मक विशेषणाने का होते, हे समजण्यासाठी शस्त्रक्रियेकडेही वळावे लागते. १९२० च्या दशकात पॅरिसमधील शल्यविशारद शार्ल दुजारिए यांनी एका स्त्रीच्या पायातील चरबी खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. तिला सुबक पोटऱ्या हव्या होत्या. तिचा पाय कापावा लागला. या प्रकरणाने असल्या शस्त्रक्रियांना कित्येक वर्षे खीळ बसली. १९७० च्या दशकात रोममधील अर्पाद व ज्यॉर्जिओ फिशर या पितापुत्रांनी आणि पॅरिसच्या इव्ह-जेरार इल्लूझ यांनी नळीने चरबी शोषून घेण्याची पद्धत विकसित केली, आणि १९८० च्या दशकात जेफ्री क्लाइन यांच्या भूल देण्याच्या पद्धतीने ती पुष्कळ सुरक्षित झाली. तरीही २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकन शल्यविशारदांच्या पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासात दर लाख शस्त्रक्रियांमागे सुमारे १९ मृत्यू नोंदवले गेले. हौसेखातर केलेल्या शस्त्रक्रियेसाठी ही संख्या लहान नव्हे. सुरी नको, भूल नको, जखम नको, अशी तीन नकारांची मागणी या भयातून निर्माण झाली, आणि ती पुरवणारे तंत्र शोधणे हा मोठा व्यवसाय ठरला.

या व्यवसायाला सर्वांत मोठे यश मिळवून देणारी कल्पना बालरोगाच्या एका क्षुल्लक नोंदीतून आली. १९७० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एपस्टाइन आणि ओरेन यांनी आइसकँडी चोखल्यानंतर तान्ह्या बाळाच्या गालावर उठणाऱ्या लालसर गाठींचे वर्णन केले. गारठ्याने गालातील चरबीला इजा होई, वरची त्वचा मात्र शाबूत राही, आणि काही आठवड्यांत सारे पूर्ववत होई. तान्ह्या मुलांच्या चरबीत संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक असल्यामुळे ती लवकर गोठते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ज्याला आपण कौतुकाने बाळसे म्हणतो त्याचीच ही इजा. १९८० मध्ये थंडीत घट्ट विजार घालून तासन्‌तास घोडदौड करणाऱ्या तरुणींच्या मांड्यांवर अशाच गाठी आढळल्याची नोंद झाली. अर्थ एकच होता. पाणी ज्या तापमानाला गोठते त्याहून वरच्या तापमानाला चरबी गोठते. म्हणून त्वचेला धक्का न लावता तिच्याखालच्या चरबीला इजा करणे शक्य आहे.

बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या डीटर मानस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी हा धागा पकडला. डुकरांवरील प्रयोगांचे त्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरावीक काळ थंड केलेल्या जागी चरबीच्या पेशी हळूहळू मरतात, शरीर त्या उचलून नेते, आणि दोन-तीन महिन्यांत थर पातळ होतो. ‘कूलस्कल्प्टिंग’ या नावाने आलेल्या यंत्राला कमरेच्या बाजूंवरील चरबीसाठी २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पुढे पोटासाठी आणि मांड्यांसाठी. उपचारित जागेतील चरबीचा थर सरासरी पाचव्या हिश्शाच्या आसपास कमी होतो, असे अनेक अभ्यास सांगतात. हा परिणाम खरा आहे आणि तो बेताचा आहे. हे तंत्र विकसित करणारी कंपनी २०१७ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरना विकली गेली.

दुसरी वाट पित्ताची. ब्राझीलमधील त्वचारोगतज्ज्ञ पात्रिसिया रितेस यांनी २००१ मध्ये डोळ्यांखालील फुगीर पिशव्यांवर सोयाबीनपासून मिळणाऱ्या फॉस्फॅटिडिलकोलिन या द्रव्याच्या इंजेक्शनांचे परिणाम प्रसिद्ध केले, आणि लवकरच जगभर चरबी वितळवणाऱ्या सुयांची लाट आली. २००४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी उलगडा केला तो गमतीदार होता. औषध म्हणून ज्याचा बोलबाला झाला होता त्याचा वाटा दुय्यम निघाला. ते द्रव्य विरघळावे म्हणून सोबत मिसळलेला पित्तक्षार, डिऑक्सिकोलेट, हाच मुख्यतः परिणाम घडवीत होता. साबण जसा तेलकटपणा फोडतो तसा तो पेशींची आवरणे फोडतो. पचनासाठी आपलेच शरीर जे रसायन आतड्यात वापरते, तेच त्वचेखाली टोचल्यावर पेशींचा नाश करते. २०१५ मध्ये हनुवटीखालच्या चरबीसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आइसकँडीने सुजलेले गाल काय किंवा साबणासारखा पित्तक्षार काय, दोन्ही उपचारांच्या मुळाशी इजा आहे. येथे उपचार म्हणजे मोजून-मापून केलेली इजा. त्यात गैर काही नाही, वैद्यकातील पुष्कळसे उपचार असेच असतात. पण गोठवणे, मारणे, फोडणे ही क्रियापदे मागे पडून घडवणे, कोरणे, आकार देणे ही शिल्पकाराची क्रियापदे पुढे आली, ही भाषेची किमया लक्षात घ्यायला हवी. यंत्राच्या नावातच शिल्प आहे आणि इजेचा उच्चार नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. ही चरबी खरोखर हट्टी आहे काय? शास्त्राने याचे दिलेले उत्तर जाहिरातीपेक्षा फार सुंदर आहे. मार्सेय येथील झाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच दाखवले होते की चरबी किती आहे याइतकेच ती कोठे आहे यालाही महत्त्व आहे. पोटात साठणारी चरबी मधुमेह व हृदयविकाराशी जोडलेली असते. नितंब-मांड्यांवरची तशी नसते. १९८५ मध्ये स्वीडनमधील मारिएल रेबुफे-स्क्रीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या शरीरातील निरनिराळ्या जागांच्या चरबीची तुलना केली. एरवी पोटावरच्या चरबीपेक्षा मांड्यांवरची चरबी सुटायला फार नाखूश असते. मात्र बाळाला अंगावर पाजण्याच्या काळात तीच चरबी सहज मोकळी होते. उपासाला न बधणारी ही ठेव दुधासाठी राखून ठेवलेली असते. तिला हट्टी म्हणणे म्हणजे लेकराच्या नावाने ठेवलेले पैसे बाजारहाटाला न देणाऱ्या बाईला चिक्कू म्हणण्यासारखे आहे.

मानस्टाइन यांचा निबंध आला त्याच वर्षी, २००८ मध्ये, ‘नेचर’मध्ये कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. शीतयुद्धातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणा चरबीच्या पेशींत शोधून त्यांनी पेशींचे वय काढले. प्रौढ माणसात या पेशींची संख्या जवळजवळ स्थिर राहते, आणि दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरून तितक्याच नव्या येतात. वजन उतरले तरी पेशींची संख्या उतरत नाही, त्या केवळ रिकाम्या होतात. २०११ मधील एका प्रयोगात मांड्यांतून शोषून काढलेली चरबी वर्षभरात शरीरात परत जमा झालेली आढळली, आणि ती जमली मुख्यतः वरच्या बाजूला, पोटाकडे. त्याआधी २००४ मध्ये १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालची पुष्कळशी चरबी काढूनही त्यांच्या रक्तातील साखरेशी आणि हृदयाशी संबंधित घटकांत सुधारणा झाली नव्हती. शरीर आपला हिशेब स्वतंत्रपणे ठेवते, आणि त्या हिशेबात आरशाला खाते नाही.

कधी हा हिशेब अगदी उलटतो. २०१४ मध्ये शीतोपचारानंतर चरबी कमी होण्याऐवजी त्याच जागी वाढून टणक झाल्याचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि तो लिहिणाऱ्यांत या तंत्राच्या जनकांपैकी अँडरसन हेही होते, ही शास्त्राच्या प्रामाणिकपणाची नोंद घेण्याजोगी बाब. हा दुष्परिणाम सुमारे २० हजारांत एक असावा असा पहिला अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांत प्रमाण अधिक आढळले. सप्टेंबर २०२१ मध्ये एकेकाळची जगप्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हान्जेलिस्टा यांनी आपण अनेक वर्षे समाजापासून का दूर राहिलो ते जाहीरपणे सांगितले. उपचारानंतर त्यांच्या शरीरावर असेच उंचवटे उठले होते. त्यांनी कंपनीवर ५ कोटी डॉलरचा दावा लावला, आणि जुलै २०२२ मध्ये तो तडजोडीने मिटला. या अवस्थेत वाढलेली चरबी आपोआप जात नाही. ती काढायला शस्त्रक्रियाच करावी लागते. सुरी टाळण्यासाठी निघालेली वाट अशा काही जणांना सुरीपाशीच आणून सोडते.

आपल्या देशात या उपचारांची गोष्ट मुख्यतः जाहिरातीची आहे. औषधे व जादुई उपाय यांच्या जाहिरातींवर निर्बंध घालणाऱ्या १९५४ च्या कायद्यातील रोगांच्या यादीत स्थूलतेचा समावेश आहे. म्हणजे स्वातंत्र्यानंतर अवघ्या सात वर्षांत या बाजाराचा धोका कायदा करणाऱ्यांना दिसला होता. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका नामांकित साखळीला ३ लाख रुपये दंड केला. शीतोपचाराच्या यंत्राला मान्यता होती ती मर्यादित जागेतील फुगवटे कमी करण्यासाठी, तेही अतिस्थूल नसलेल्या व्यक्तींत; जाहिरातीत मात्र एकाच बैठकीत वजन आणि घेर घटण्याचे आश्वासन होते. शास्त्राचे वाक्य ‘या जागेचा थर थोडा पातळ होईल’ असे असते. फलकापर्यंत येता येता त्यातील ‘या जागेचा’ गळते, ‘थोडा’ गळते, आणि वाक्याचा कर्ता थर न राहता ‘तुम्ही’ होता.

या गळतीत खरे नुकसान कोणाचे होते? पैसे गेलेल्या ग्राहकाचे होतेच. पण चरबीला हट्टी म्हटल्याने दोष शेवटी जिच्या अंगावर ती आहे तिच्याकडे जातो: आहार केला, व्यायाम केला, यंत्राखाली झोपले, तरी जात नाही, म्हणजे काही तरी माझेच चुकत असणार. स्वतःच्या शरीराच्या एखाद्या भागाशी आयुष्यभर वैर धरून जगणे ही किरकोळ किंमत नव्हे. कोणी हे उपचार घ्यावेत की घेऊ नयेत हा ज्याच्या-त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे, आणि हनुवटीखालचा थर थोडा पातळ झाल्याने कोणाला समाधान लाभत असेल तर त्यावर इतरांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र निर्णय घेणाऱ्याला गोठवणे आणि फोडणे ही क्रियापदेही ऐकू आली पाहिजेत, आणि पाचवा हिस्सा हा आकडाही. त्यासाठी हे विशेषण बदलून पाहायला हरकत नाही. मांडीवरच्या चरबीला ‘राखीव’ म्हटले तर शास्त्राला धरून होईल, आणि कदाचित तिच्याकडे पाहण्याची नजरही थोडी सैलावेल.